सात गुण, पण किती चोऱ्या? नेटरनरच्या कॉर्प डेकसाठी अजेंडे निवडण्याची रीत

नेटरनर हा दोघांचा पत्त्यांचा खेळ: एक जण कॉर्प, म्हणजे कंपनी, आणि दुसरा रनर, म्हणजे तिच्या सर्व्हरमध्ये घुसणारा हॅकर. कॉर्पचा डेक बांधताना बरेच खेळाडू आधी आईस (सर्व्हरचे रक्षण करणारी पाने) निवडतात, मग पैशाची पाने, आणि अजेंडे सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत कसेबसे कोंबतात. हा क्रम उलटा हवा. अजेंडा हे जिंकण्याचे गुण देणारे असे पान आहे की ते डेकमध्ये घालावेच लागते, आणि तुमच्या हातात पडून असतानाही ते प्रतिस्पर्ध्याला जिंकवू शकते. तीन गुणांचे थोडे अजेंडे घ्यायचे, दोन गुणांचे जास्त घ्यायचे, की मध्ये एखादा एक गुणाचाही, हे आधी ठरवा. आईस किती, पैसा किती आणि डाव कोणत्या वेगाने खेळायचा, हे त्यानंतर बऱ्याच अंशी ठरूनच जाते.

खेळ मूळचा रिचर्ड गारफिल्ड यांचा, १९९६ चा. फँटसी फ्लाईट गेम्सने २०१२ मध्ये तो ‘अँड्रॉइड: नेटरनर’ या नावाने नव्या रूपात आणला आणि २०१८ मध्ये थांबवला. त्यानंतर खेळाडूंनीच उभारलेली नल सिग्नल गेम्स ही संस्था त्याचे नवे संच काढते आहे. पाने बदलत गेली, पण खालच्या हिशेबाला लागणारे नियम तेच आहेत.

पायरी १: डेकचा आकार आणि गुणांची बेरीज पक्की करा

डाव सात गुणांना संपतो. कॉर्प अजेंडे टेबलावर मांडून, त्यांवर टोकन ठेवत (म्हणजे ॲडव्हान्स करून) स्कोअर करते, रनर तेच अजेंडे चोरतो, आणि जो आधी सातवर पोहोचेल तो जिंकतो. डेकमध्ये एकूण किती गुणांचे अजेंडे असावेत हे नियमानेच बांधलेले आहे: ४० ते ४४ पानांना १८ किंवा १९ गुण, ४५ ते ४९ पानांना २० किंवा २१, ५० ते ५४ पानांना २२ किंवा २३.

कंस पाच-पाच पानांचे असल्यामुळे प्रत्येक कंसाचे वरचे टोक कॉर्पला सोयीचे पडते. ४५ पानांत २० गुण घातले तर पानामागे सरासरी ०.४४ गुण येतात, ४९ पानांत घातले तर ०.४१. म्हणजे चार पाने वाढवली की रनरला दिसणारे प्रत्येक पान थोडे कमी धोक्याचे होते. लहान डेकमध्ये महत्त्वाची पाने लवकर हाती येतात हे खरे, पण कॉर्पसाठी बहुतेक वेळा ४९ हाच आकडा योग्य. खाली सगळीकडे ४९ पाने धरली आहेत. अजेंडे फक्त आपल्या फॅक्शनचे (कंपनीच्या गटाचे) किंवा न्यूट्रल, म्हणजे कोणत्याच गटाचे नसलेले, घेता येतात आणि एका नावाची जास्तीत जास्त तीन पाने चालतात. काही अजेंड्यांना डेकमागे एकच अशी मर्यादा असते, ती पानावर छापलेली असते.

पायरी २: गुण मोजू नका, चोऱ्या मोजा

निवडीचा सगळा मर्म इथे आहे. बेरीज नियमाने बांधलेली असल्यामुळे रनरने आर अँड डी मधून (कॉर्पच्या न उचललेल्या पानांच्या गठ्ठ्यातून) एक पान पाहिले की त्याला सरासरी सारखेच गुण मिळतात, अजेंडे तीनचे असोत की दोनचे. दोनचे दहा अजेंडे असतील तर दर पाचातले साधारण एक पान अजेंडा निघेल. तीनचे सहा आणि दोनचा एक असेल तर दर सातातले एक, पण तो लागला की घाव मोठा बसतो. सरासरीत दोन्ही डेक सारखे, चढउतारात वेगळे.

सात ही विषम संख्या आहे, म्हणून चित्र बदलते. सगळे अजेंडे दोनचे असतील तर तीन चोऱ्यांनी सहाच गुण होतात, रनरला चौथी चोरी करावीच लागते आणि तिचा एक गुण वाया जातो. सगळे तीनचे असतील तर तीन चोऱ्यांत नऊ होतात, म्हणजे दोन गुण वाया. दोन्हींचे मिश्रण असेल तर ३+२+२ अशी नेमकी सात होते आणि रनरचे काहीच वाया जात नाही.

चार रचना शेजारी ठेवून पाहा. ‘सरासरी पाने’ म्हणजे जिंकण्याइतके गुण मिळेपर्यंत रनरला वेगवेगळी किती पाने पाहावी लागतात ते. ‘दहात हार’ म्हणजे दहाच पाने पाहून रनर जिंकण्याची शक्यता. ‘हात तुंबणे’ म्हणजे सुरुवातीच्या पाच पानांत आणि पहिल्या सक्तीच्या पानात (कॉर्पला दर पाळीच्या सुरुवातीला एक पान उचलावेच लागते) मिळून तीन किंवा जास्त अजेंडे येण्याची शक्यता.

| रचना | अजेंडे | सरासरी पाने | दहात हार | हात तुंबणे |
|---|---|---|---|---|
| क: तीनचे ६, दोनचा १ | ७ | १८.८ | १४.० टक्के | ३.१ टक्के |
| ख: तीनचे ४, दोनचे ४ | ८ | १७.१ | १८.६ टक्के | ४.७ टक्के |
| ग: दोनचे १० | १० | १८.२ | १०.३ टक्के | ९.० टक्के |
| घ: ग्लोबल फूड इनिशिएटिव्ह ३, दोनचे ६ | ९ | २०.० | ७.० टक्के | ६.७ टक्के |

नवीन खेळाडू ‘सगळ्यातले थोडे थोडे’ म्हणून ख सारखी रचना करतात, आणि रनरला रोखण्याच्या बाबतीत तीच सगळ्यात दुबळी ठरते. अजेंडे ‘क’पेक्षा जास्त आणि चोऱ्या मात्र तीनच पुरतात. आठ अजेंड्यांतून उचललेले पहिले तिन्ही दोनचे निघाले तरच चौथी चोरी लागते, आणि असे चौदात एकदा होते. मिश्रण वाईटच असते असे नाही, कारण तोच ३+२+२ चा रस्ता कॉर्पलाही उघडा असतो. पण तो रस्ता रनरच्या आधी संपवण्याचा वेग डेकमध्ये असला पाहिजे. हळू डेकमध्ये असे मिश्रण घालू नका.

घ ही रचना नीट समजून घ्या. ग्लोबल फूड इनिशिएटिव्ह हा पाच ॲडव्हान्समेंटचा, तीन गुणांचा न्यूट्रल अजेंडा रनरने चोरला तर त्याला एक गुण कमी मिळतो. म्हणजे तुम्हाला तीन, त्याला दोन. बाकीचे सगळे दोनचे ठेवले की रनरला प्रत्येक चोरी दोनचीच पडते आणि त्याला चार चोऱ्या लागतात, तुम्हाला मात्र ३+२+२ मध्ये तीनच स्कोअर पुरतात. बेरीज २१ होते, एक गुण जास्तीचा घालावा लागतो, प्रत्येक पानामागे एक इन्फ्लुअन्स (बाहेरची पाने घेण्यासाठी डेकला मिळणाऱ्या मर्यादित गुणांपैकी एक) जातो, तरी तक्त्यातली संरक्षणाची सगळ्यात चांगली ओळ हीच. हे पान तुमच्या फॉरमॅटमध्ये चालत नसेल तरी कसोटी हीच ठेवा: कॉर्पला तीन, रनरला चार असा फरक कुठून आणता येईल?

चोरीची किंमत लावणारे अजेंडे तोच फरक दुसऱ्या वाटेने आणतात. एनएपीडी कॉन्ट्रॅक्ट चोरायला रनरला ४ क्रेडिट (खेळातले पैसे) भरावे लागतात. ओबोकाता प्रोटोकॉल चोरायला ४ नेट डॅमेज घ्यावे लागते (हातातली चार पाने जातात), म्हणजे हातात चारपेक्षा कमी पाने असलेला रनर तो चोरायला गेला तर मरतो. असे पान रनरने पाहिले म्हणजे चोरी झालीच असे होत नाही. हिशेब करताना त्याला पूर्ण अजेंडा न धरता अर्धा धरा.

पायरी ३: प्रत्येक अजेंड्याला किती क्लिक आणि किती वेळ लागतो ते लिहून काढा

कॉर्पला एका पाळीत तीन क्लिक, म्हणजे तीन कृती. मांडायला एक क्लिक, प्रत्येक ॲडव्हान्समेंटला एक क्लिक आणि एक क्रेडिट. ‘५/३’ म्हणजे पाच ॲडव्हान्समेंट, तीन गुण.

२/१ अजेंडा: मांडा, दोनदा ॲडव्हान्स करा, त्याच पाळीत स्कोअर. रनरला संधीच नाही.

३/२ अजेंडा: एकूण चार क्लिक. पहिल्या पाळीत फक्त मांडायचा आणि उरलेले दोन क्लिक पैसे किंवा पाने घ्यायला वापरायचे, दुसऱ्या पाळीत तीनदा ॲडव्हान्स. मधल्या वेळी रनरला समोर दिसते ते एकही टोकन नसलेले उपडे पान. ते सापळाही असू शकते किंवा पैसे देणारे साधे ॲसेटही.

४/२ अजेंडा: पाच क्लिक. पहिल्याच पाळीत त्यावर किमान एक टोकन ठेवावे लागते, म्हणजे हेतू अर्धा उघड होतो. सीमलेस लाँच हे ऑपरेशन इथे मोलाचे, कारण ते आधीच्या पाळीत मांडलेल्या पानावर एका क्लिकमध्ये दोन टोकन ठेवते. ते हातात असेल तर ४/२ सुद्धा ३/२ सारखा, टोकन न दाखवता खेळता येतो.

५/३ अजेंडा: सहा क्लिक, म्हणजे पूर्ण दोन पाळ्या, एकही क्लिक शिल्लक नाही. पहिल्या पाळीत मांडा आणि दोनदा ॲडव्हान्स करा, दुसऱ्या पाळीत तीनदा. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, त्या दोन पाळ्यांत क्लिक खर्चून पैसा मिळवता येत नाही, त्यामुळे अजेंड्याचे ५ क्रेडिट आणि मधल्या रनमध्ये (रनरच्या सर्व्हरवरच्या हल्ल्यात) आईस उघडायचा, म्हणजे उपडे पान सुलटे करून वापरात आणायचा पैसा, दोन्ही आधीच खात्यावर हवे. दोन, मध्येच एखादा क्लिक दुसऱ्या कामासाठी द्यावा लागला की अजेंडा आणखी एक पाळी तसाच उघड्यावर बसतो. रनरचे व्हायरस पुसायला तर तिन्ही क्लिक जातात. टोकन लावलेले पान दोन पाळ्या टेबलावर राहिले तर अनुभवी रनर ते सोडत नाही.

गुणामागे खर्च काढला तर (क्लिक आणि क्रेडिट सारखे धरून) ३/२ ला ३.५, ५/३ ला जवळजवळ ३.७, ४/२ ला ४.५ आणि २/१ ला ५ पडतात. म्हणून चांगला ३/२ मिळाला तर तो आधी घ्यावा. ४/२ ला जागा द्यायची ती त्याच्या मजकुरासाठी. ऑफवर्ल्ड ऑफिस स्कोअर झाल्यावर ७ क्रेडिट देते, म्हणजे स्वतःचा खर्च भरून काढून वर तीन क्रेडिट हातात ठेवते. मजकूर फारसा उपयोगी नसलेला ४/२ डेकमध्ये असेल, तर तो काढून काय घालता येईल ते आधी पाहा.

पायरी ४: डेकच्या योजनेशी सांगड घाला

हातातून थेट स्कोअर करणारा डेक, म्हणजे फास्ट ॲडव्हान्स, असेल तर ३/२ हेच मुख्य अन्न. बायोटिक लेबर ४ क्रेडिटला दोन क्लिक देते, ते खेळायला एक जातो, म्हणजे पाळीत एकूण चार कामाचे क्लिक होतात: मांडा, तीनदा ॲडव्हान्स करा, दोन गुण. खर्च ७ क्रेडिट. सॅनसॅन सिटी ग्रिड उघडायला ६ क्रेडिट लागतात, पण त्या सर्व्हरमधल्या अजेंड्यांची गरज एकाने उतरते, मग ३/२ तीन क्लिकमध्ये बसतो, आणि तो टिकला तर पुढच्या अजेंड्यालाही चालतो. अशा डेकमध्ये ५/३ हातात अडकून पडतो. नुसत्या बायोटिकने तो एका पाळीत होत नाही, आणि त्याला जपायला लागणारा भक्कम रिमोट (अजेंडे मांडायचा स्वतंत्र सर्व्हर) या डेककडे नसतो. ग सारखी रचना घ्या आणि हात तुंबण्याची तयारी ठेवा.

एका रिमोटसमोर आईसची भिंत रचणाऱ्या, हळू पण पक्क्या डेकला ५/३ शोभतात. रिमोटमध्ये घुसायला रनरला जबर खर्च येतो, त्यामुळे टोकन दिसली तरी बिघडत नाही, आणि असा धोका डावात तीनदाच पत्करावा लागतो. सात अजेंडे घेतले की दहा अजेंड्यांच्या तुलनेत तीन जागा मोकळ्या होतात, त्या आईसला द्या. सेंड अ मेसेज इथे खास उपयोगी, कारण तो स्कोअर झाला किंवा चोरला गेला तरी एक आईस फुकट उघडता येतो.

सुरुवातीच्या पाळ्यांत, रनरकडे आईस तोडायची पाने यायच्या आत गुण घेऊन टाकणाऱ्या डेकला मिश्रण चालते. ख ची संरक्षणातली उणीव तिथे फारशी भोवत नाही, कारण रनरला दहा पाने पाहायलाच वेळ मिळत नाही.

तुमच्यासाठीही तोच १८-१९ पानांचा आकडा लागू आहे हे विसरू नका. क मध्ये जिंकण्यापुरते तीन अजेंडे हातात येईपर्यंत कॉर्पला सरासरी १८.८ पाने उचलावी लागतात, आणि फक्त सक्तीच्या पानावर राहिलात तर ते तेराव्या-चौदाव्या पाळीला होते. तीनचे अजेंडे घेऊन पाने ओढायची साधने न घालणे, ही हळू डेकमधली सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

पायरी ५: एक गुणाच्या पानांना कारण विचारा

एक गुणाचा अजेंडा स्वस्त वाटतो, पण तो जागा खातो. दोनचा एक काढून एकचे दोन घातले की एक जागा गेली आणि हात तुंबण्याची शक्यता वाढली. दोनचे आठ आणि एकचे चार घेतले तर अजेंडे बारा होतात, आणि पहिल्या सहा पानांत तीन किंवा जास्त अजेंडे यायची शक्यता १४.८ टक्क्यांवर जाते. शिवाय २+२+२+१ मुळे रनरचाही एक गुण वाया जायचा थांबतो.

मग तो घ्यायचा कधी? पहिले कारण, शेवटचा घाव. तीनच्या दोन अजेंड्यांनी सहा गुण झाले की हातातला २/१ एकाच पाळीत डाव संपवतो. क मधला दोनचा अजेंडा काढून एकचे दोन घातले तर हे साधते, मात्र रनरची सरासरी १८.८ वरून १७.३ पानांवर उतरते. ही किंमत माहीत असू द्या. दुसरे कारण, बळी. आर्चर हा आईस उघडायला स्कोअर केलेला एक अजेंडा सोडून द्यावा लागतो, तिथे तीन गुण फेकण्यापेक्षा एक फेकणे केव्हाही परवडते. तिसरे कारण, मजकूर. होस्टाइल टेकओव्हर ७ क्रेडिट देतो, बदल्यात एक बॅड पब्लिसिटी (रनरला फायदा देणारी बदनामी) घ्यावी लागते. या तिन्हींपैकी एकही कारण नसेल तर एकचा अजेंडा नको.

पायरी ६: टेबलावर तपासा

डेक पिसा, सहा पाने काढा, अजेंडे मोजा, पुन्हा पिसा. असे वीस वेळा करून आकडे कागदावर लिहा. ग सारख्या रचनेत वीसपैकी साधारण दोनदा तीन किंवा जास्त अजेंडे दिसतील, क मध्ये क्वचित एकदा. त्या तुंबलेल्या हातांचे तुम्ही काय कराल ते प्रत्येक वेळी ठरवा. सुरुवातीचा हात एकदाच बदलता येतो. पाच पानांच्या हातात तीन अजेंडे असताना रनरने एचक्यूवर (कॉर्पच्या हातावर) एक रन केली तर पाचात तीन वेळा त्याला अजेंडा लागतो. पाळीच्या शेवटी पाचपेक्षा जास्त पाने ठेवता येत नाहीत, आणि टाकलेला अजेंडा अर्काइव्ह्जमध्ये (टाकलेल्या पानांच्या ढिगात) पडतो, तिथे यशस्वी रन झाली की रनर सगळी पाने पाहतो. दोनचे दहा घेणाऱ्याने म्हणूनच एचक्यूवर पहिल्याच पाळीत आईस ठेवायची सवय लावावी, आणि पाने डेकमध्ये परत पाठवणारे एखादे साधन शोधावे.

नंतर उलटी चाचणी करा. डेक पिसून वरून तीन पाने उघडा. द मेकर्स आय खेळणारा रनर आर अँड डी मध्ये एका यशस्वी रनला एवढीच पाने पाहतो. ग मध्ये निम्म्या वेळा किमान एक अजेंडा दिसेल (५०.४ टक्के), क मध्ये ३७.७ टक्के वेळा. ज्या खेळाडूंविरुद्ध तुम्ही बसता ते आर अँड डी वर जास्त धावतात की रिमोटवर, हे आठवून या आकड्यांना वजन द्या. रिमोटवर धावणाऱ्यांसमोर टोकन न दाखवणारे ३/२ बरे, आर अँड डी खणणाऱ्यांसमोर अजेंडे कमी आणि चोरीची किंमत लावणारे बरे.

शेवटी किमान दहा डाव खेळा आणि प्रत्येक डावानंतर तीनच गोष्टी टिपा: कोणता अजेंडा कुठून चोरला गेला, कोणता स्कोअर व्हायला दोनपेक्षा जास्त पाळ्या लागल्या, आणि डाव संपताना हातात कोणता पडून होता. एकच नाव दोनदा-तीनदा ‘हातात पडून’ या रकान्यात आले तर ते पान बदला. बदलताना बेरीज पुन्हा २० किंवा २१ होते का ते मोजा, आणि तीन चोऱ्यांत सात होणाऱ्या किती जोड्या नव्याने तयार झाल्या तेही पाहा.